सही कोणाची, बुडणार कोण?

१

मराठीत ‘दाखला’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. तहसील कचेरीच्या खिडकीत मिळतो तो दाखला, आणि आपले म्हणणे पटवण्यासाठी आपण एखादा प्रसंग सांगतो तोही दाखलाच. पहिल्यावर सही-शिक्का असतो. दुसऱ्याला सही नसते, पण तो ऐकणाऱ्याला पटावा लागतो. साहित्याचे काम बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे दाखले देण्याचे. प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या दाखल्यांच्या मदतीने पहिल्या प्रकारचे दाखले वाचायचे आहेत.

तेही सगळे नव्हेत, दोनच. एक, जहाज समुद्रात जाण्यास योग्य आहे असे सांगणारे सरकारमान्य प्रमाणपत्र. दुसरे, परक्या देशात येऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल त्या देशातल्या कोणीतरी दिलेले हमीपत्र. आपल्याकडे घराघरांत ‘स्पॉन्सरशिपचे पेपर’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते. बंदरातल्या लोखंडी जहाजाचा आणि वकिलातीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा वरवर पाहता काही संबंध नाही. पण दोन्ही कागदांची घडण एकच आहे. एकाच्या जिवाबद्दल दुसऱ्याने तिसऱ्याला हमी द्यायची, आणि ज्याचा जीव त्याची सही मात्र त्या हमीवर नसायची. म्हणून असा कागद हातात आला की दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. सही कोणाची आहे? आणि कागद खोटा निघाला तर बुडणार कोण?

हे प्रश्न घेऊन मी तीन पुस्तकांकडे जाणार आहे. सॅम्युअल प्लिमसॉल यांचे ‘अवर सीमेन’ (१८७३), बी. ट्रावेन यांची ‘दास टोटेनशिफ’ म्हणजे ‘डेथ शिप’ (१९२६) आणि अॅना झेगर्स यांची ‘ट्रान्झिट’ (१९४४). पहिले पुस्तक साहित्य म्हणून लिहिलेले नाही. ते एका खासदाराचे आवाहन आहे. उरलेल्या दोन जर्मन कादंबऱ्या आहेत आणि मी त्या इंग्रजीतून वाचल्या आहेत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. कचेरी, शिक्के आणि हेलपाटे यांविषयीची कादंबरी दिसली की आपली समीक्षा ‘काफ्काई’ हे विशेषण लावून मोकळी होते. ट्रावेन आणि झेगर्स या दोघांनाही ते लावले गेले आहे. मला ते पटत नाही. काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये नायकाला आपल्यावरचा आरोप काय हे शेवटपर्यंत कळत नाही. या दोन कादंबऱ्यांत सगळे कळते. कोणता कागद हवा, तो कोण देतो, त्याची मुदत कधी संपते, तो कोणाला चटकन मिळतो आणि कोणाला कधीच मिळत नाही, याचा तपशील पानोपानी आहे. त्याला गूढ म्हणणे म्हणजे ज्यांनी तो नियम केला त्यांना सोडून देणे होय. या वास्तववादी कादंबऱ्या आहेत, आणि त्यांचा विषय हमी हा आहे.

२

प्लिमसॉल हे कोळशाचे व्यापारी. १८६८ मध्ये डर्बी मतदारसंघातून ते ब्रिटिश संसदेत गेले. त्या काळात जीर्ण झालेली, वाजवीपेक्षा जास्त माल भरलेली आणि भरपूर विमा उतरवलेली जहाजे समुद्रात पाठवली जात. जहाज पोहोचले तर मालाचा नफा, बुडाले तर विम्याची रक्कम. अशा जहाजांना ‘कॉफिन शिप’, शवपेटीची जहाजे, असे नाव पडले होते. करारावर अंगठा किंवा सही केलेल्या खलाशाने जहाजाची अवस्था पाहून जायला नकार दिला, तर करारभंगाबद्दल त्याला तुरुंगात जावे लागे. म्हणजे बुडण्याची भीती वाटणे हा गुन्हा होता. बुडेल असे जहाज पाठवणे हा गुन्हा नव्हता.

‘अवर सीमेन’ वाचताना आजही लक्षात राहते ती त्यातली कागद वाचण्याची पद्धत. प्लिमसॉल केवळ हळहळत नाहीत. बुडालेल्या खलाशांच्या विधवांच्या घरी जाऊन ते काय पाहिले ते सांगतात, आणि पाठोपाठ वाचकाला विम्याचा कागद उलगडून दाखवतात. एका जहाजाची जोखीम अनेक विमेकऱ्यांत वाटलेली असते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी रक्कम येते. जहाज मुद्दाम बुडवल्याचा संशय आला तरी त्या थोड्या रकमेसाठी कोर्टकचेरी करणे एकाही विमेकऱ्याला परवडत नाही. जबाबदारीचे इतके तुकडे झाले की ती कोणाचीच उरत नाही. ‘जबाबदार’ या शब्दात ‘जबाब’ आहे. ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार. या विम्याच्या कागदावर नावे पुष्कळ होती, पण जबाब देणारा नव्हता. हे प्लिमसॉल यांनी ज्या साधेपणाने समजावले आहे, त्या साधेपणामुळेच ते पुस्तक गाजले आणि त्यांच्यावर बदनामीचे दावेही झाले.

२२ जुलै १८७५ रोजी डिझरायली यांच्या सरकारने जहाजांविषयीचे विधेयक मागे ठेवले, तेव्हा प्लिमसॉल यांनी सभागृहात जहाजमालक सदस्यांना उद्देशून कठोर शब्द वापरले आणि गदारोळ झाला. पुढे त्यांनी माफी मागितली. परंतु लोकमत इतके तापले होते की सरकारला घाईने तात्पुरता कायदा करावा लागला. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ, अशी ती खूण आजही प्लिमसॉल यांच्या नावाने ओळखली जाते. जहाज त्या रेघेपलीकडे पाण्यात बसता कामा नये. पण रेघ कुठे काढायची हे या कायद्याने मालकावरच सोपवले होते. कार्डिफच्या एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, ती कायद्याचे नेमके मर्म सांगते. रेघेची जागा सरकारी कोष्टकांनुसार ठरायला १८९० चा कायदा यावा लागला, आणि आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९३० साल उजाडले.

या खुणेकडे मी एक प्रकारचा मजकूर म्हणून पाहतो. सरकारने लिहायला लावलेल्या साऱ्या मजकुरात हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कारण तो कप्तानाच्या कपाटात नाही, जहाजाच्या अंगावर आहे. ज्याला अक्षर येत नाही असा खलाशीही धक्क्यावर उभा राहून तो वाचू शकतो: रेघ पाण्याच्या वर आहे की खाली? इथे माझ्या दोन प्रश्नांना तिसरा जोडला जातो. ज्याचा जीव जाणार आहे, त्याला हा कागद वाचता येतो का?

या कसोटीवर पुढचा इतिहास उतरत नाही. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ निघाले तेव्हा त्याचे कागद चोख होते. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा जीवनौकांचा नियम जहाजाच्या टनांवर बेतलेला होता, माणसांच्या संख्येवर नव्हे. आणि त्यातला सर्वांत वरचा गट ‘दहा हजार टन व त्याहून अधिक’ असा होता. टायटॅनिक त्याच्या चौपटीहून मोठे. नियमाने सोळा नौका लागत होत्या, जहाजावर वीस होत्या. म्हणजे मालकाने नियमापेक्षा जास्तच केले होते. त्या वीस नौकांत ११७८ माणसे मावत होती आणि जहाजावर सुमारे २२०० होती. प्रमाणपत्र खरे होते, तरीही माणसे बुडाली. खोट्या कागदाइतकाच हाही प्रकार वाईट, कारण इथे सही करणाऱ्याला बोल लावता येत नाही. सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार, ज्याला आज ‘सोलास’ म्हणतात, तो १९१४ मध्ये या दुर्घटनेतून झाला.

३

‘डेथ शिप’चा नायक गेल्स हा अमेरिकन खलाशी. अँटवर्प बंदरात तो एक रात्र किनाऱ्यावर राहतो आणि त्याचे ‘टस्कलूसा’ हे जहाज त्याला न घेताच निघून जाते. जहाजाबरोबर त्याचे खलाशी-कार्डही जाते. तेवढ्यावर कादंबरीचा सारा पहिला खंड उभा आहे. बेल्जियमचे पोलीस त्याला रात्री गुपचूप हॉलंडच्या हद्दीत ढकलतात, डच पोलीस परत बेल्जियमकडे वळवतात, मग फ्रान्स. प्रत्येक देशाचे पोलीस वाईट आहेत असे मुळीच नाही. काही जण त्याला जेवू घालतात, वाटखर्चालाही देतात. त्यांना एवढेच हवे असते की हा माणूस आपल्या वहीत नोंदवला जाऊ नये. अमेरिकेचा वाणिज्यदूत त्याला सांगतो की तू जन्मलास याचा पुरावा आण. समोर हाडामांसाचा माणूस उभा आहे, पण तो पुरावा होऊ शकत नाही. त्याच कचेरीत पासपोर्ट हरवलेल्या एका श्रीमंत बाईचे काम मात्र झटपट होते.

हा प्रसंग विनोदी आहे आणि ट्रावेन यांनी तो विनोदानेच लिहिला आहे. पण त्यातला तर्क नीट पाहावा. बाईकडेही कागद नाही. तरी तिला कागद मिळतो, कारण तिच्या मागे हमी आहे: पैसा, नवऱ्याचे नाव, ओळख. म्हणजे कागद ओळख निर्माण करत नाही. असलेल्या वजनाची पावती देतो. ज्याच्यामागे वजन नाही त्याच्याकडे मात्र पावती मागितली जाते.

शेवटी गेल्स बार्सिलोनात ‘योरिके’ या जहाजावर चढतो. तिथे त्याला कोणी कागद विचारत नाही. तो खोटे नाव सांगतो आणि भट्टीवर कोळसा ओढायच्या कामाला लागतो. या खंडात भाजणे, चेचणे, झोप न मिळणे यांचे जे वर्णन आहे ते वाचवत नाही इतके तपशीलवार आहे. ट्रावेन यांची खरी पकड इथे दिसते. पहिल्या खंडात कागद नसलेला माणूस जमिनीवर कुठेच मावत नव्हता; दुसऱ्यात कळते की त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती. जिथे कोणतीही तक्रार करता येत नाही अशा जहाजाला नेमका असाच माणूस हवा असतो. त्याचा साथीदार स्टानिस्लाव पोझनानचा. जन्मला तेव्हा ते शहर जर्मनीत होते, युद्धानंतर पोलंडमध्ये गेले. वेळेत नोंद न केल्यामुळे दोन्ही देश त्याला आपला म्हणत नाहीत. तिसऱ्या खंडात हे दोघे ‘एम्प्रेस ऑफ मादागास्कर’ या दुसऱ्या जहाजावर जबरदस्तीने नेले जातात. ते जहाज दिसायला छान आहे, आणि ते विम्यासाठी बुडवायचे ठरले आहे.

इथे कादंबरी प्लिमसॉल यांच्या विम्याच्या कागदापाशी परत येते. पन्नास वर्षे गेली, भाररेषा आली, प्रमाणपत्रे आली, आणि युक्ती तीच राहिली. फरक इतकाच की १८७३ चा खलाशी करारावरच्या स्वतःच्या अंगठ्यामुळे अडकला होता. १९२६ चा खलाशी कुठल्याच कागदावर नसल्यामुळे अडकला आहे. जहाजाचे कागद व्यवस्थित, माणसांचे नाहीत; म्हणून जहाजाची नुकसानभरपाई मिळू शकते आणि माणसांची मोजदादही होत नाही.

लेखकाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. बी. ट्रावेन हे टोपणनाव. हे नाव रेट मारूट या जर्मन नटाचे आणि बंडखोर संपादकाचे असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. रेट मारूट हेही मूळ नाव नव्हे. १९१९ चे म्युनिकमधले क्रांतिकारक सरकार कोसळल्यावर तो भूमिगत झाला आणि परदेशी म्हणून नोंद न केल्याबद्दल १९२३ च्या अखेरीस लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात होता. आपला जन्म सॅन फ्रान्सिस्कोत झाला असे तो सांगे. त्या शहराचे जन्मनोंदींचे दप्तर १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले होते, त्यामुळे ते खोटे ठरवता येत नव्हते आणि खरेही. कादंबरीतल्या वाणिज्यदूताच्या प्रसंगाला ही पार्श्वभूमी आहे. मात्र त्यावरून कादंबरीला आत्मचरित्र म्हणण्याची गरज नाही. तिच्यातला राग एका माणसाच्या अनुभवापेक्षा मोठा आहे.

४

आता या कादंबरीची मर्यादा. गेल्स वारंवार म्हणतो की युद्धापूर्वी जग मोकळे होते, पासपोर्ट कोणी विचारत नसे, आणि १९१४ नंतर माणूस कागदाचा गुलाम झाला. कादंबरीवर लिहिणारेही हे बहुधा जसेच्या तसे स्वीकारतात. मराठी वाचकाने इथे थांबावे, कारण हा इतिहास गोऱ्या खलाशाचा आहे.

ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी, ज्यांना ‘लॅस्कर’ म्हणत, हजारोंनी काम करत होते. त्यांत रत्नागिरीकडचे होते, गोव्याचे होते. पी अँड ओ कंपनीच्या डेकवर कोकणातली माणसे आणि प्रवाशांच्या दिमतीला गोव्याची, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. मुंबईत गोवेकर खलाशांच्या गावोगावच्या ‘कुडी’ त्यातूनच उभ्या राहिल्या. या माणसांचा करारच वेगळा असे. १८२३ च्या ब्रिटिश कायद्यानेच त्यांना परत हिंदुस्थानात पोहोचवण्याची जबाबदारी जहाजवाल्यांवर टाकली होती. वरकरणी ही काळजी. प्रत्यक्षात ते विलायतेत राहू नयेत याची तजवीज. आशियाई करारावर घेतलेल्या खलाशाला लंडनला उतरून दुसरे जहाज धरण्याची मोकळीक नसे, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फार कमी असे. युद्धापूर्वीचे मोकळे जग त्याच्या वाट्याला आलेच नव्हते.

किनाऱ्यावर उतरू पाहणाऱ्यांचेही तेच. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला की आपल्या देशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश मिळेल. नियमात ‘हिंदी’ हा शब्द कुठेच नव्हता. पण हिंदुस्थानातून कॅनडापर्यंतचे थेट तिकीट कोणतीच कंपनी विकत नव्हती. त्याबरोबर हिंदी माणसाजवळ दोनशे डॉलर असण्याची अट आली. गुरदितसिंग यांनी भाड्याने घेतलेले ‘कोमागाता मारू’ मे १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोहोचले, दोन महिने बंदरात अडकून पडले आणि २३ जुलैला मोजके प्रवासी वगळता सगळ्यांना घेऊन परत फिरवले गेले. परतल्यावर सप्टेंबरात बजबज येथे गोळीबार झाला आणि माणसे मेली. जहाजाच्या मार्गाविषयीचा नियम इथे माणसाच्या रंगाविषयीचा नियम झाला, आणि तोही पहिले महायुद्ध सुरू होण्याआधी.

ट्रावेन यांची कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या एकच वर्ष आधी, १९२५ मध्ये, ब्रिटनने रंगीत परकीय खलाशांविषयीचा आदेश काढला. त्यानुसार ज्या रंगीत खलाशाजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदोपत्री पुरावा नसेल, त्याला पोलिसांकडे परकीय म्हणून नोंद करावी लागे. नोकरीची वही, जहाजावरून सुटल्याचा दाखला, हे पुरावे अनेकदा मानले जात नसत. खलाशाला पासपोर्ट लागत नसल्यामुळे तो कोणाजवळ नसायचाच. ज्या साम्राज्याच्या भट्ट्यांत त्याने आयुष्य घालवले त्याच साम्राज्याने त्याला परका ठरवले. गेल्सची गोष्ट हजारो माणसांच्या बाबतीत खरोखर घडत होती. त्यांच्यातल्या कोणी कादंबरी लिहिली नाही. मी ट्रावेन यांना दोष देत नाही. कादंबरीतला निवेदक जेवढे पाहू शकतो तेवढेच पाहतो. पण समीक्षेने निवेदकाच्या डोळ्यांवर समाधान मानू नये.

५

मराठी वाचकाला मार्सेय बंदर ठाऊक आहे ते जुलै १९१० मुळे. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारून तो किनारा गाठला आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केले. पुढे हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये निर्णय दिला: अटकेत आणि हस्तांतरात अनियमितता झाली, पण त्यामुळे त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. निकालाच्या राजकारणात मी जात नाही. मला त्यातले एक तत्त्व नोंदवायचे आहे. सरकारला हवे असते तेव्हा कागद नसणे ही केवळ ‘अनियमितता’ असते. माणसाला हवे असते तेव्हा कागद नसणे हा शेवट असतो.

त्याच बंदरात, तीस वर्षांनंतर, ‘ट्रान्झिट’ घडते. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर नाझींपासून पळालेली माणसे मार्सेयमध्ये जमली आहेत. निघायचे तर कुठल्यातरी देशाचा प्रवेश व्हिसा हवा. तो असेल तर वाटेतल्या देशांचा ट्रान्झिट हवा. तो असेल तर फ्रान्स सोडण्याची परवानगी हवी, आणि जहाजाचे तिकीट. प्रत्येकाची मुदत वेगळी. चौथा हाती येईपर्यंत पहिला संपतो. शिवाय शहरात राहण्याचा परवाना त्यालाच, जो आपण शहर सोडणार असल्याचे सिद्ध करील. झेगर्स हे सारे स्वतः जगल्या होत्या. मार्च १९४१ मध्ये त्या मार्सेयहून जहाजाने निघाल्या आणि मेक्सिकोत पोहोचल्या. कादंबरी १९४४ मध्ये आधी इंग्रजी व स्पॅनिश अनुवादांतून प्रसिद्ध झाली, मूळ जर्मन पुस्तक त्यानंतर.

माझ्या विषयाच्या दृष्टीने यातले सर्वांत मोलाचे पात्र दोन मोठे कुत्रे सांभाळणारी बाई. तिला अमेरिकेत जायचे आहे आणि त्यासाठी तिथल्या नागरिकाचे प्रतिज्ञापत्र हवे. ते देणारे दांपत्य तिचे नातलग नाही, मित्रही नाही. त्यांचे कुत्रे युरोपात राहून गेले आहेत. कुत्रे सुखरूप पोहोचवणारी म्हणून ते तिची हमी घेतात. म्हणजे तिच्या जिवाची हमी कुत्र्यांच्या जिवावर उभी आहे. झेगर्स हे सांगताना आवाज चढवत नाहीत, टोमणाही मारत नाहीत. बाई कुत्र्यांना फिरवते, खाऊ घालते. आपण वाचत राहतो आणि हळूहळू ध्यानात येते की हमीपत्राच्या व्यवस्थेत माणसाचे मोल हमी देणाऱ्याच्या गरजेवर ठरते.

ही कल्पना लेखिकेच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेच्या कायद्यात १८८२ पासून एक कलम होते: जो सार्वजनिक खजिन्यावर भार होईल अशी शक्यता वाटते त्याला प्रवेश नाही. १९३० मध्ये ते अधिक कडकपणे लावण्याच्या सूचना गेल्या, आणि तिथला कोणी ऐपतदार माणूस लिहून देईल तरच दार किलकिले होऊ लागले. १९३० च्या दशकात जर्मनीतल्या ज्यू कुटुंबांनी अमेरिकेतल्या अनोळखी आडनावबंधूंना पत्रे लिहिली ती याच कागदासाठी.

‘ट्रान्झिट’ची सुरुवातच एका अफवेने होते: ‘माँत्रेआल’ हे जहाज सुरुंगाला धडकून बुडाले म्हणतात. त्या जहाजावर गेलेल्यांची कागदपत्रे पूर्ण होती. निवेदकाजवळ मेलेल्या लेखकाच्या नावावरचा व्हिसा होता, तोही जाऊ शकला असता. तो ऐनवेळी मागे राहिला आणि वाचला. कादंबरीत तिकिटांबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे जहाजांच्या अवस्थेबद्दल नाही. कागदाच्या मागे लागलेल्या माणसाला समुद्र दिसेनासा होतो. माझ्या मते झेगर्स यांनी इथे माझे दोन्ही कागद एकत्र आणले आहेत: माणूस जाण्यास योग्य आहे हे सिद्ध करण्यात सगळी शक्ती संपली, जहाज जाण्यास योग्य आहे का हे विचारायला कोणी उरले नाही. ट्रावेन यांच्या गर्जनेपेक्षा झेगर्स यांची ही शांत मांडणी मला श्रेष्ठ वाटते.

६

हे सगळे मागच्या शतकाचे म्हणून सोडता येत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये इजिप्तच्या अदबिया बंदरात एक मालवाहू जहाज अडवले गेले, कारण त्याची सुरक्षा-साधनांची आणि वर्गीकरणाची प्रमाणपत्रे मुदत संपलेली होती. जहाजाचे नाव ‘अमान’. अरबीत या शब्दाचा अर्थ सुरक्षितता. मालकाने पैसे भरले नाहीत, कप्तान किनाऱ्यावर होता, आणि स्थानिक न्यायालयाने जहाजावरच्या सीरियन मुख्य अधिकाऱ्याला कायदेशीर पालक ठरवले. त्या आदेशावर त्याने सही केली. तिचा अर्थ आपल्याला कळला नव्हता असे तो नंतर सांगत होता. एकेक करून बाकीचे सुटले. तो मात्र जहाज विकले जाईपर्यंत किंवा दुसरा कोणी पालक होईपर्यंत उतरू शकत नव्हता. शेवटी तो एकटाच उरला, वीज नाही, इंधन नाही. वादळात जहाज किनाऱ्याजवळ येऊन रुतले तेव्हा तो फोन चार्ज करायला पोहत जाई. एप्रिल २०२१ मध्ये तो सुटला, आणि तेही खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपला माणूस त्याच्या जागी पालक म्हणून द्यायची तयारी दाखवल्यावर.

माझे तीन प्रश्न इथे लावून पाहावेत. सही कोणाची? बुडणाऱ्याची. बुडणार कोण? तोच. कागद त्याला वाचता आला का? नाही. सुरक्षेच्या नियमाने असुरक्षित जहाज अडवले ते योग्यच केले. पण नियमाचा सगळा भार जहाजावर उरलेल्या एकट्या नोकरावर आला. विशेष म्हणजे जानेवारी २०१७ पासूनच जागतिक सागरी श्रमकरारात नवी तरतूद लागू झाली होती: खलाशांना वाऱ्यावर सोडले तर त्यांच्या पगाराची आणि परतीची आर्थिक हमी मालकाने आधीच घ्यायची, आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावायचे. ‘दिसेल असे’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. प्लिमसॉल यांच्या रेघेची आठवण त्यात आहे. मात्र करार मान्य केलेल्या देशांच्या जहाजांनाच तो बांधतो.

प्रायोजकत्वाचा कागदही आपल्या घरात आहे. अमेरिकेत भावाबहिणीला किंवा आईवडिलांना बोलावणारा मराठी माणूस १९९६ च्या कायद्यानुसार जे प्रतिज्ञापत्र भरतो, ते केवळ शिफारसपत्र नसते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असल्याचे दाखवून तो बंधनकारक करार करतो. आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत ते बंधन सुटत नाही. नवऱ्याने बायकोसाठी सही केली असेल तर घटस्फोटानेही ते संपत नाही. इथे सही करणाऱ्यावरही जोखीम आहे, आणि म्हणून हा कागद कठोर असला तरी त्याला मी न्याय्य बाजूला ठेवीन. आखाती देशांतली कफालाची पद्धत याच्या नेमकी उलट. ‘कफील’ म्हणजे मुळात जामीन राहणारा. पण रत्नागिरी-रायगडातून तिकडे गेलेल्या कामगारांच्या पिढ्यांना तो शब्द मालक या अर्थानेच ठाऊक आहे, कारण नोकरी बदलायची की घरी यायचे हे दीर्घकाळ कफीलच्याच हातात राहिले. हमी घेणारा तो, आणि गहाण पडलेला दुसराच.

यावरून कागदच नको अशा निष्कर्षाला येणे मला मान्य नाही. ट्रावेन यांच्या कादंबरीचा तो सूर आहे आणि तो वाचकाला सुखावतो, पण कागद नसलेले जग म्हणजे प्लिमसॉलपूर्वीचे जग. तिथे शवपेट्या मोकळेपणाने तरंगत होत्या. भाररेषेने, जीवनौकांच्या नियमाने, श्रमकराराने माणसे वाचली आहेत. प्रश्न कागदाच्या संख्येचा नाही, दिशेचा आहे. सबळाला जबाब द्यायला लावणारा कागद आणि दुर्बळाकडून जबाब घेणारा कागद यांत फरक करता आला पाहिजे. दोन्हींवरचा शिक्का सारखाच असतो.

हा फरक करणे हे वाचनाचे काम आहे, आणि म्हणून समीक्षेचेही. मराठी कवितेत समुद्र भरपूर आहे. सावरकरांची ब्रायटनच्या किनाऱ्यावरची तळमळ आहे, कुसुमाग्रजांच्या कोलंबसाचा गर्व आहे. त्या कवितांवर आपण वाढलो. पण कोकणातल्या एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली आजोबांची खलाशाची वही, तिच्यातल्या प्रत्येक सफरीपुढचा वर्तणुकीचा शेरा, आणि तो शेरा लिहिणारा हात, हे आपल्या साहित्याच्या अभ्यासाचे साधन होऊ शकते असे आपल्याला फारसे वाटलेले नाही. त्या वह्या अजून आहेत. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या दाखल्यांसाठी आज अर्ज करणाऱ्या अनेक मुलांच्या घरीच त्या असतील. त्या कोणीतरी गोळा कराव्यात, आणि कादंबरी जितक्या बारकाईने वाचतो तितक्या बारकाईने वाचाव्यात.